व्याह्यांच्या अंगणातली तीनचाकी

२०२४ साल. मला बहात्तरावं चालू होतं. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणून शेतात पालापाचोळा पसरत होतो, तेव्हा पोलादपूरहून सुनेच्या भावाचा फोन आला. बहिणीला न करता त्याने मला केला. “बाबा गेले. ताईला तुम्हीच सांगा,” एवढं बोलून तो रडायला लागला. वरंधला आमचं घर शेतापासून हाकेवर, पण त्या दिवशी मला तेवढं चालायला फार वेळ लागला. सुनेला कसं सांगू हे तर होतंच… पण जो माणूस गेला त्याच्याशी मी दोन वर्षं धड बोललो नव्हतो, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे व्याही एसटीचे ड्रायव्हर. वरंध घाटात जन्म गेला त्यांचा. आवाज असा की शेजारी बसले तरी वाटावं, समोरच्या गाडीला बाजू द्यायला सांगतायत. लग्नाच्या बोलणीत मी अडून बसलो, की वरपक्षाला वेशीवर वाजत गाजत घ्यायला या. ते म्हणाले, “वेशीवर कशाला व्याही, घाटातच गाडी आडवी लावतो, मग उतरताय की नाय बघू!” सगळी बैठक हसली. मी नाही हसलो. मी चौथी शिकलेला माणूस, मला थट्टा दोन दिवसांनी कळते आणि राग तिथल्या तिथे येतो. पण लग्नात ते खरंच वेशीवर आले, डोक्याला फेटा बांधून, बँडच्या पुढे नाचत.

मग आमची स्वरा झाली. जन्मापासून तिचे पाय ताठ, कात्रीसारखे एकात एक अडकायचे. महाडच्या डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते मुलाने आणि सुनेने ऐकलं, मी नाही ऐकलं. मी तिला खांद्यावर घेतली. शिमग्यात गावदेवीची पालखी नाचवायला आमच्या घराचा पहिला खांदा असतो. बापाचा होता, मग माझा. ज्या खांद्यावर देवी बसते त्याला नातीचं काय ओझं? शाळेत, दुकानात, लग्नाला, जत्रेला, कुठेही जायचं तर माझ्या खांद्यावर. लोक म्हणायचे, आजा असावा तर असा. मला ते गोड लागायचं. एकदा पोरं विटीदांडू खेळत होती आणि मी तिला घेऊन बघत उभा होतो. वरनं ती म्हणाली, “आजा, मी काय पालखी हाय?” मी हसलो. म्हटलं, व्हय गो, माझी देवीच हायेस तू… ती विटीमागे पळणाऱ्या पोरांकडे बघत राहिली.

पुढच्या शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली होती. सगळा गाव जमलेला. तेवढ्यात व्याही टेम्पो घेऊन आले. टेम्पोतून त्यांनी तीन चाकांची सायकल उतरवली. पाठ टेकायला उंच पाठ, छातीला पट्टा, पेडलवर पाय बांधायला पट्टे, मागून धरायला दांडा. स्वरा आजोळी गेली होती तेव्हा त्यांनी तिला पुण्याला नेऊन तिच्या मापाची करून घेतली होती. मला वाटलं, मुलीच्या बापाने भर गावात माझ्या घराची उणीव टेम्पोत घालून आणली. मी म्हटलं, “आमच्याकडे खांदे सरले का? नात लंगडी हाय ते गावभर फिरवून दाखवायचंय तुम्हाला?”

स्वरा सुनेच्या मांडीवर होती. तिने ऐकलं. व्याह्यांनी त्या दिवशी आवाज चढवला नाही. म्हणाले, “व्याही, गाडीत पॅसेंजर असतो तसा ड्रायव्हरबी असतो. पोरीला जन्मभर पॅसेंजरच ठेवायची का?” मी म्हटलं, “माझ्या दारात ही गाडी नको.” त्यांनी ती उचलून परत टेम्पोत घातली. पंगतीला थांबले नाहीत. व्याही न जेवता गावातून जातो, याला आमच्यात काय म्हणतात ते सांगायला नको. त्यानंतर स्वरा सुट्टीत आजोळी जायची, परत यायची. तिथे काय करते ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

बाराव्याला आम्ही सगळे पोलादपूरला गेलो. जेवणं झाली. मी ओटीवर पान लावत बसलो होतो. अंगणात पोरांचा गलका झाला, “स्वरा आली, सरा सरा!” बघतो तर ती त्याच सायकलवर. व्याह्यांनी उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार केला होता. त्यावरून ती खाली आली, मान थोडी कलती, दात आवळलेले, आणि पोरांच्या घोळक्यातून सरळ पुढे गेली. एक पोरगं ओरडलं, “स्वरे, ब्रेक मार, म्हशीला उडवशील!” ती म्हणाली, “म्हशीला सांग ना बाजूला व्हायला!” हा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. आठ वर्षांची नात माझी… तिला लांब जाताना मी पहिल्यांदा पाहिली. तिची पाठ कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. खांद्यावरच्या माणसाची पाठ दिसत नाही.

शेजारच्या काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “तुमचे उपकार हो. गाडी तुम्हीच दिलीत ना नातीला? तुमचे व्याही सगळ्यांना सांगायचे, वरंधच्या आज्याने दिली म्हणून.” दोन बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, असा आजा मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घातली… त्यांना वाटलं, विनय. तोंड उघडायचं होतं तेव्हा मी सुपारी चावत राहिलो. स्वरा तेवढ्यात फेरी मारून परत आली होती. तिने ते सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि सायकल वळवली. आठ वर्षांच्या पोरीने माझी लाज राखली, आणि जो माणूस आता कधीच परत येणार नव्हता त्यानेही. या वयात याहून खाली बघायला जमीन उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी दुःखातल्या घराला चहा घेऊन आल्या. मी कप हातात घ्यायच्या आधी म्हटलं, “गाडी मी नाय दिली. मी ती भर गावात परत पाठवली होती. दिली तुमच्या ड्रायव्हरनं.” काकी म्हणाल्या, “चहा घ्या, गार होतोय.” मी उठून अंगणात गेलो. स्वरा सायकलवर बसून पट्टे बांधायला येणाऱ्या आईची वाट बघत होती. मी खाली उकिडवा बसलो आणि तिचा पाय पेडलवर ठेवून पट्टा बांधायला लागलो. “उलटा लावलास आजा,” ती म्हणाली. मी सोडला, परत लावला. “आता घट्ट झाला.” परत सोडला. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही, म्हणजे बरोबर असावा. मग मी उठलो आणि तिच्या वाटेतून बाजूला झालो.