दावणीला काय चाललंय?

डॉ. टेमगिरे मला पहिल्यांदा भेटले ते माझ्या ओपीडीच्या रांगेत. चाकणच्या बाजूच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी नुकतीच रुजू झाले होते. पायांत गमबूट घातलेला हा पन्नाशीचा गृहस्थ रीतसर केसपेपर काढून तासभर बाकावर बसला. नंबर लागल्यावर कंबर धरून उठला आणि माझ्यासमोर आला. केसपेपरवर नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘म्हैस, वय सहा’.

बाहेर एवढी गर्दी आणि इथे ही थट्टा! मी भडकले.

“मॅडम, रागावू नका. मी गुरांचा डॉक्टर,” ते म्हणाले. “तसाच आत आलो असतो तर तुम्ही म्हणला असता, नंतर या. ही म्हैस चार महिन्यांमागं गाभडली. मला काल कळलं. तिची मालकीण, निघोज्याची सुनंदाबाई, तुमच्याकडं येती. तिला ताप हाय का?”

होता. तीन महिने होता. टायफॉइड समजून मी दोनदा औषधं दिली होती. ताप जायचा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा हजर. सांधे इतके दुखायचे की तिला धार काढायला बसवत नव्हतं. जमीन केव्हाच गेलेली, नवरा कंपनीत कंत्राटावर. आसपासच्या खोल्यांतल्या कामगारांकडे जाणारं दोन म्हशींचं रतीबाचं दूध हाच घराचा आधार. सासू म्हणायला लागली होती, सुनेला कामाचा कंटाळा आलाय.

“तिला विचारलंत का, दावणीला काय चाललंय?”

मी नव्हतं विचारलं. ताप आलेल्या बाईला तिच्या म्हशीची खबर विचारायची, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या गोठ्यात गेलो. सुनंदाबाई खांबाला टेकून उभी होती. “रेडकू मेलेलं पडलं, पन मागची वार अडकली व्हती,” ती म्हणाली, “मंग मीच हात घालून वढली.”

“आन् मेलेलं रेडकू?”

“टाकलं की वढ्यात. समदीच टाकत्यात.”

त्याच ओढ्यावर खाली गावची जनावरं पाणी पीत होती. टेमगिरे चिडले नाहीत. “जनावर बोलत नाही, आन् माणूस विचारल्याबिगर सांगत नाही,” एवढंच मला म्हणाले. रक्त तपासलं तेव्हा ब्रुसेला निघाला. जनावराच्या वारेतून, कच्च्या दुधातून माणसाला होणारा आजार. माझी मान खाली गेली.

गाभडलेली म्हैस त्यांनी वेगळी बांधायला लावली, तिचं दूध बंद केलं. दुसरी तपासून घेतली, ती निर्दोष निघाल्यावर तिचा रतीब चालू ठेवला. मग खोल्याखोल्यांवर जाऊन ‘उकळल्याशिवाय लेकरांना देऊ नका’ म्हणून सांगून आले. मेलेलं रेडकू आणि वार ओढ्यापासून लांब खड्डा खणून, चुना टाकून पुरायची पद्धत गावाला लावली, ती मात्र भांडून भांडून.

औषधं सहा आठवड्यांची होती. तिसऱ्या आठवड्यात सुनंदाबाईला बरं वाटलं आणि तिनं गोळ्या सोडल्या. टेमगिरेंना कळायचा अवकाश, ते रोज सकाळी स्कूटर घेऊन तिच्या दारात. “अर्धवट सोडायची नाही, बाई. ते हाडात घर करतंय. मला ठाऊक हाय.” पुस्तकातून ठाऊक असणार, असं मला वाटलं. सुनंदाबाई ठणठणीत झाली.

तेव्हापासून मीही तापाच्या प्रत्येक पेशंटला विचारू लागले, दावणीला काय चाललंय? चऱ्होलीच्या एका नोकरदारानं मला वेड्यात काढलं, “मॅडम, सातव्या मजल्यावर कसली दावण?” पण तोही दूध कच्चंच पीत होता. एकदा नेपाळ, बांगलादेश, केनियातले डॉक्टर आमचं काम पाहायला आले. केनियाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे गुरांचा दवाखाना आणि माणसांचा दवाखाना एकमेकांशी बोलतच नाहीत. मी मराठीत सांगितल्यावर टेमगिरे मोठ्यानं हसले. “म्हणजे सगळीकडं हीच बोंब!” मग त्या बाईंना हाताला धरून ओढा दाखवायला घेऊन गेले.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा रांगेत बसलेले दिसले. कंबर धरून उठले.

“आज कुठली म्हैस?” मी हसत विचारलं.

त्यांनी केसपेपर पुढे केला. नावाच्या जागी त्यांचंच नाव होतं.

“अठरा वर्षं झाली. एका गाईची वार काढताना हाच आजार मला लागला. हाताखाली कुणी नव्हतं, गुरांत साथ होती. पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, सोडून दिल्या. ताप येतो-जातो. आता मणक्यात गेलाय वाटतं.”

सात वर्षं मी त्या माणसाला कंबर धरून उठताना पाहत होते. साऱ्या तालुक्याला विचारलं, त्यांना एकदाही नाही. मला रडू आवरेना. “मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलंत कुठं?” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

या वेळी मी तीन महिन्यांची औषधं लिहून दिली. हा माणूस ती पुरी करणार नाही, ही धास्ती होतीच. म्हणून आठवड्यानं सकाळीच त्यांच्या खोलीवर गेले. दारात सुनंदाबाई उभी होती. एका हातात उकळलेल्या दुधाची किटली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

“गिळा माझ्यासमोर,” ती म्हणत होती. “अर्धवट सोडायची न्हाई, डाक्टर. मला ठावं हाय.”