कनकीला पाणी किती

जगात फुकट मिळणाऱ्या खाण्याच्या वस्तू किती, हे फक्त दोघांनाच ठाऊक आहे: एक देव आणि दुसरा आमचा पार्टनर. त्यातही देवाची माहिती थोडी जुनी असावी, कारण फुलकोबीचा दांडा त्याने बहुधा ढोरांसाठी निर्माण केला होता आणि पार्टनरने तो माझ्या ताटात वाढला. आमच्याकडे ज्याच्यासोबत खोली वाटून घ्यायची त्याला पार्टनर म्हणतात. त्यासाठी धंद्यात भागी असावी लागत नाही. आमची भागी फक्त कर्जबाजारीपणात होती, आणि तिथेही ज्याचं कर्ज त्याचं त्याला.

माझं कर्ज सांगायची मला लाज वाटते, म्हणून तेच आधी उरकून टाकतो. मी कूलर विकून बुडालो. तेही चंद्रपुरात. जिथे मे महिन्यात नळाचं पाणी निम्मं उकळूनच येतं, त्या गावात कूलरच्या धंद्यात बुडायला वेगळी प्रतिभा लागते. स्वस्तात मिळाले म्हणून मी ते जून लागल्यावर कर्ज काढून उचलले. माल दुकानात लागला आणि आभाळ भरून आलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आतल्या गवतात उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या. दुकान गेलं, हप्ते राहिले, आणि मी बाबूपेठेतल्या एका पत्र्याच्या खोलीत उरलेल्या एका कूलरसकट राहायला आलो. तो चालत नव्हता. त्यात पार्टनर कांदे ठेवायचा.

पार्टनर धानोऱ्याकडचा. उंच, काटकुळा, ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोती चढवणारा. खांद्यावर दुपट्टा आणि दुपट्ट्याच्या गाठीत कायम काहीतरी शिजवण्यासारखं. गोदामातून सरळ रस्त्याने घरी आलेला मी त्याला कधी पाहिला नाही. रेल्वेच्या पट्टीने यायचा, कारण पावसाळ्यात तिथे तरोटा उगवतो. लोक ज्या झुडपाकडे गवत म्हणूनही बघत नाहीत, त्याचे कोवळे शेंडे तो असे खुडायचा की जणू सराफाच्या दुकानात बसला आहे. चंद्रपूरच्या कोळशाची धूळ त्यावर बसलेली असायची, म्हणून तो भाजी इतक्यांदा धुवायचा की शेवटी घरमालकीण मावशी नळाशी येऊन उभी राहायची. "भाजी धूत हायेस का पोरीले न्हाऊ घालून राह्यलास रे?" पार्टनर शांतपणे म्हणायचा, "मावशी, तुमच्यासाठी बी ठेवतो ना वाटीभर." मावशी पाण्याचं विसरायची. पार्टनरला एक गोष्ट पक्की माहीत होती, की या जगात वाटीभर भाजीपुढे कोणाचाच राग फार वेळ टिकत नाही. एका बाईचा सोडून. पण त्या बाईकडे मी नंतर येतो.

गोल बाजारात तो उठत्या बाजाराला जायचा. भाजीवाल्या बायांना त्याने सांगून ठेवलं होतं की घरी बकरी आहे. त्यामुळे मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं, फुलकोबीचे दांडे हे सगळं त्याच्यासाठी बाजूला काढलेलं असायचं. एकदा मी सोबत होतो. एका बाईने विचारलं, "काऊन भाऊ, बकरी गाभण होती म्हणत होते ना?" पार्टनर पापणीही न लववता म्हणाला, "याली ना बाई. जुळे झाले." बाईने आनंदाने आणखी एक जुडी टाकली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे कोण?" पार्टनरने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता हा खरं सांगतो. कारण त्या घरात पाला खाणारं जनावर एकच होतं, आणि ते बाईसमोर पिशवी धरून उभं होतं.

बाकी त्याचं शास्त्र सोपं होतं. भात कनकीचा, म्हणजे गिरणीत तुटलेल्या तांदळाचा, कारण पोटात गेल्यावर अख्खा तांदूळही तुटतोच. डाळ लाखोळीची, तुरीहून स्वस्त म्हणून. तेल फोडणीला दाखवायचं, ओतायचं नाही. गॅस वाचावा म्हणून अर्धी शिजलेली डाळ भांड्यासकट चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची, की ती आपल्या गरमीने शिजते. चादर माझी असायची, कारण त्याच्या मते माझी जास्त उबदार होती. त्याच्या हाताला काय गुण होता कोण जाणे, पण त्या चिंचेच्या आंबट डाळीचा वास आला की मी दिवसभरचे तगादे विसरायचो.

मोहाचा प्रसंग मात्र मी विसरलो नाही. उन्हाळ्यात गावाकडून तो पिशवी भरून मोहफुलं घेऊन आला. वाळवायला स्वच्छ कापड हवं म्हणून त्याने माझा एकुलता एक पांढरा सदरा छतावर पसरला. तोच घालून मी दुसऱ्या दिवशी कर्जवाल्यांच्या ऑफिसात मुदत मागायला गेलो. साहेबाने दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "दारूले पैसे हायेत, हप्त्याले नाईत?" मी म्हणालो, "साहेब, हा जेवणाचा वास आहे." साहेब म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." मुदत मिळाली नाही. घरी येऊन मी सदरा पार्टनरच्या अंगावर फेकला, तर त्याने भाजून कुटलेल्या मोहफुलांचा तिळातला लाडू माझ्या हातावर ठेवला. "खा. त्या साहेबाले असा भेटत असता, तर तो एवढा कडू नसता." मी खाल्ला. मग दुसराही खाल्ला.

आता ती बाई. पार्टनरचं कर्ज माझ्यासारखं साधं नव्हतं. ते नाटकाचं होतं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक. कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, मंडप टाकायचा, तिकिटं लावायची. चाललं तर मिशीला पीळ, पडलं तर तोंड लपवायला जंगल आहेच. पार्टनरने एका वर्षी हौसेने गावात नाटक आणलं. पैसे बायकोच्या बचत गटातून, तिच्या नावाने उचललेले. आणि ऐन मंडईला आभाळ फाटलं. प्रेक्षक घरी, मंडप चिखलात, कंपनीचे पैसे मात्र द्यावेच लागले. बायको भांडली नाही. तिने एवढंच म्हटलं, "या बायांसमोर मान खाली घालून मी पानी भराले जाणार नाई. गटाचे पैसे पुरे फिटले का येतो." आणि चिमूरकडच्या माहेरी निघून गेली. पार्टनर दुसऱ्याच आठवड्यात चंद्रपूरला आला. त्याचा सगळा पाला, सगळी कनकी, दाखवलेलं तेल हे त्या एका वाक्यासाठी होतं.

ती त्याच्याशी बोलत नसे. त्याने 'कशी हाय' विचारलं की फोन बंद. 'येतेस काय' विचारलं की फोन बंद. पण एकदा खरोखरच त्याची डाळ करपली आणि घाबरून त्याने तिला विचारलं, तर तिने नीट सगळं सांगितलं. नवरा नासला तर नासो, अन्न नासलेलं तिला बघवत नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो फोन करून काहीतरी विचारायचा. त्याच्या फोनचा आवाज फक्त स्पीकरवरच निघायचा, त्यामुळे त्यांचा संसार मला तोंडपाठ झाला होता.

"कनकीले पानी किती टाकू व?"

"वाटीले दोन वाट्या. वरून थोडं. सारखं ढवळू नका, गिच्चा होते."

"अन् मीठ?"

"अंदाजानं."

"कोणाच्या अंदाजानं?"

"माह्या," आणि फोन बंद. त्या दिवशी पार्टनरने भातात मीठ टाकताना डोळे मिटले होते.

पार्टनर लहानपणापासून आईच्या हाताखाली रांधत आलेला. अशा माणसाला कनकीला पाणी किती हे विचारायची गरज नसते, एवढं माझ्या डोक्यात यायला फार वेळ लागला. आणि आलं ते मी घोटाळा करून बसल्यावर. एका रविवारी तरोट्याची भाजी होऊन झाकून ठेवली होती, भात वाफेला होता, आणि हा फोन घेऊन बसला. "तरोट्याले लसूण आधी टाकू का मंग?" मी सकाळपासून उपाशी. मी ओरडलो, "अबे, शिजून केव्हाची बसली ना ती भाजी! वाढ ना लवकर!"

स्पीकरमधून तिचा आवाज आला.

"कोण हाय तो?"

"पार्टनर."

"भाजी झाली हाय?"

पार्टनरने माझ्याकडे पाहिलं. "हो."

"मंग फोन काऊन केला?"

नसलेल्या बकरीला जुळी पोरं झाल्याचं पापणीही न लववता सांगणारा हा माणूस, त्याला त्या क्षणी एक खोटं सुचलं नाही. आणि खरं सांगायची हिंमत झाली नाही. फोन बंद झाला.

त्यानंतर ती फोन उचलेना. पार्टनर मला एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं असं मला वाटायला लागलं. कारण तो रांधायचा बंद झाला नाही, पण रांधणं बिघडलं. कधी डाळ कच्ची, कधी मीठ नाहीच. रेल्वेच्या पट्टीने यायचं सोडून तो सरळ रस्त्याने घरी यायला लागला, तेव्हा मात्र मला भीती वाटली. शेवटी मी चोरून तिचा नंबर घेतला आणि बाहेर जाऊन फोन लावला.

"वहिनी, मी पार्टनर. म्हणजे पार्टनरचा पार्टनर."

"भुकेजलेले तुमीच काय ते?"

"मीच. वहिनी, तो मीठ नाई टाकून राह्यला."

"काऊन? मीठ माहाग झालं काय?"

"विचाराले कोणी नाई ना. तुमच्याच अंदाजानं टाकत होता तो."

हे वाक्य मला कुठून सुचलं कोण जाणे. कूलर विकताना असं एखादं सुचलं असतं, तर दुकान वाचलं असतं. पलीकडून बांगड्या वाजल्या. "ठेवा आता भाऊजी. चुलीवर दूध हाय," ती म्हणाली. मला वाटलं, मी आणखी घाण करून ठेवली.

पण रविवारी पार्टनरचा फोन आपणहून वाजला. नंबर पाहून तो उठून उभा राहिला, साहेब आल्यावर राहतात तसा. तिने मागचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, "आज काय टाकलं?" तो आधी अडखळला, मग बोलतच सुटला: अंबाडी, झिंगे, कुड्याच्या फुलांची भाजी, त्या आठवड्यात केलेलं सगळं आणि न केलेलंही. ती मधूनमधून "हं" म्हणत होती. मला भूक लागली होती. मी तोंडात दुपट्ट्याचा बोळा धरून बसलो.

मग एके दिवशी तिचाच फोन आला. रविवार नव्हता. "गटाच्या अध्यक्षबाई येऊन गेल्या होत्या."

"काय म्हणे?"

"म्हणे, फिटलं."

त्याने दुपट्ट्याची गाठ सोडली आणि परत बांधली. मग ती म्हणाली, "मंग काय. भांडे घासून ठेवा, खोली सोडतो म्हणून मावशीले सांगा. अन् मले चिमूरच्या स्टँडवर घ्याले या." पार्टनरने दुपारभर भांडी घासली. जी माझी होती तीही घासली. मी आनंदात होतो, आणि त्याच वेळी मनात चोरून वाटत होतं, की एखादा हप्ता राहून गेला असता तरी चाललं असतं.

दिवाळीनंतर मी त्याच्या गावी गेलो. खूप दिवसांनी पोटभर कनकी आणि आंबट डाळ खायची म्हणून गेलो होतो. वहिनीने कोंबडीचा रस्सा आणि बारीक तांदळाचा भात वाढला. मी हळूच म्हणालो, "कनकी नाई केली काय?" तर तिने कपाळाला हात लावला. "पाव्हण्याले कनकी वाढू काय बाप्पा? लोकं काय म्हणतीन?" पार्टनर उठून चुलीकडे जायला निघाला, तर त्याला तिने तिथूनच परत पाठवला. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि भातात मीठ न चाचपता जेवायला लागला. मी त्याच्या घरी पाहुणा झालो होतो. इतकं चांगलं जेवण मला गिळायला जड गेलं.

तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. "आता तूच शिजवतो ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "सगळं शिजवतो." खरं म्हणजे माझे हप्तेही सरत आले होते आणि मी मेसचा डबा लावला होता. पण त्याचा चेहरा असा खुलला की मला खोटं परत घेता येईना. खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याला तो कौतुकाने म्हणाला, "हा आपला पार्टनर. मी शिकवलं त्याले."

गाडी सुटली. म्हाताऱ्याने विचारलं, "काय शिकवलं जी त्यायनं तुमाले?"

मी बराच विचार केला. "जेवाले," मी म्हणालो.

म्हातारा हसला. "जेवाले कोणी शिकवते काय गा!"

धानोरा मागे पडलं होतं, आणि चंद्रपुरात दारापाशी टांगलेला डबा एव्हाना थंड झाला असेल.