पिण्याच्या विहिरीला मोटेची धाव

आयुष्यात काय कमावलंत असं मला कुणी विचारलं, तर मी आधी सासू सांगते, पेन्शन त्यानंतर. लोक हसतात. हसू देत बापडे. ज्यांनी तिला पाहिलंच नाही त्यांना काय कळणार.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. नेवाशाच्या बाजूला एका गावात मी बोर्डाच्या शाळेत मास्तरीण होते. एकवीस वर्षांची, नगरला मिशनमध्ये शिकलेली. गावात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. नवरा नगरला छापखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी यायचा. घरी मी आणि सासू. आमची ख्रिस्ती वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. प्रभूचं नाव घेऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण गावच्या आडाला हात लावायची सोय नव्हती. आडापाशी घागर ठेवून बसायचं; कुणाला दया आली तर ती वरून पाणी वाढणार. दिवसा ज्या पोरींना मी बाराखडी शिकवायची, त्यांच्याच आयांपुढं सकाळी घागर धरून बसायची. राग येत नव्हता म्हटलं तर खोटं होईल. लई यायचा.

गावचा पुढारी लोकल बोर्डावर मेंबर होता. चळवळीत चार महिने तुरुंगात जाऊन आलेला, अंगात खादी, बोलायला गोड. आमच्या वस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर करून आणतो म्हणाला आणि खरंच आणली. अर्ज मीच लिहिला होता. बोर्डाचा ओव्हरसियर आला, वस्तीच्या तोंडाशी लिंबाजवळ चुन्यानं गोल आखून गेला. आठ दिवसांत तो गोल तिथून उठला आणि चार शेतं पलीकडं, मेंबरच्या मेव्हण्याच्या मोसंबीच्या मळ्याला लागून पडला. तिथं गोडं पाणी लागतं म्हणे. आम्ही म्हटलं, असेल बाबा, चालू थोडं जास्त.

खोदकामावर सासू मजुरीला जायची, पाटीनं मुरूम वाहायला. एक दिवस संध्याकाळी आली, पाटी आपटली आणि म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमचं शिक्षान काय म्हनतंय? प्यायच्या हिरीला मोटंची धाव कशाला लागती?"

धाव म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली-वर करतात तो उतार. विहिरीच्या एका अंगाला तसा उतार, चांगला दोन मोटांचा, दगड-चुन्यात बांधून निघत होता. घागरीनं पाणी शेंदणाऱ्या बायकांना बैलांचा उतार काय जाळायचाय? दगड बोर्डाचा, चुना बोर्डाचा, मजुरी बोर्डाची, आणि भिजणार कोण, तर मेव्हण्याची मोसंबी.

मी गप्प बसले. उगाच शूरपणाचा आव आणत नाही, मी घाबरले होते. माझी नोकरी मेंबरच्या एका शब्दावर होती आणि घर त्या पगारावर. सासूनं दोन दिवस वाट पाहिली, मग म्हणाली, "तोंडात मिठाची गुळनी धरलीया व्हय? धर. माझं तोंड मोकळं हाय."

विहिरीला पाणी लागलं, पाणीपूजनाचा दिवस ठरला आणि इथं मेंबर चुकला. आमच्या भागात रीत अशी, की नव्या विहिरीच्या पाणीपूजनाला जी बाई घागर घेऊन येईल तिला रिकामी परत धाडायचं नाही. सवाष्ण असो, विधवा असो. धाडली तर झरे आटतात. शेतकऱ्याच्या घरात ही रीत कुणी मोडत नाही, म्हणून शहाणा माणूस पूजा घरच्या घरी उरकून घेतो. पण नगरहून बोर्डाचे अध्यक्ष येणार होते. सार्वजनिक विहीर दाखवायची तर चार सार्वजनिक माणसं नकोत का दाखवायला? मेंबरनं दवंडी पिटवली, आमच्या वस्तीतसुद्धा, की पाणीपूजनाला सगळ्यांनी यावं. त्याला टाळ्या वाजवायला माणसं हवी होती. घागरीचं त्याच्या डोक्यात आलंच नाही. सासूच्या आलं.

त्या सकाळी मी शाळेच्या पोरी घेऊन स्वागताच्या पद्याला उभी होते. अध्यक्ष म्हातारे, हातात काठी, फार न बोलणारे. मेंबरनं भाषण केलं, हे पाणी सर्वांचं आहे, आता कसलाही भेद उरला नाही वगैरे. त्याच्या बायकोनं विहिरीची ओटी भरली, पहिली घागर शेंदली. आणि तेवढ्यात बांधावरून आमच्या वस्तीच्या नऊ बायका आल्या. अंगावर नाताळची लुगडी, डोक्यावर घासलेल्या घागरी, खांद्यावर स्वतःचे दोर. पुढं सासू. गर्दी आपोआप मागं सरली.

मेंबर हळूच म्हणाला, "मावशी, उद्या या. आज पाहुणे आहेत."

"उद्या न्हाई," सासू म्हणाली, "पूजा आज हाय."

मेंबरची बायको पांढरी पडली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज रिकामं धाडू नका कुणाला." मग आमच्याकडं वळून, "मी वाढते ना तुम्हाला," असं म्हणत तिनं पोहरा उचलला.

"वाढून नगं, बाई," सासू म्हणाली. "तुमच्या मालकांनी आत्ताच सांगितलं, पानी समद्यांचं हाय. आमचं आमी शेंदू."

त्या बाईनं क्षणभर पोहरा धरून ठेवला, मग खाली ठेवला आणि बाजूला झाली. तिच्याबद्दल मी पुढं कधी वाईट बोलले नाही. सासूनं दोर सोडला, शेंदलं, घागर भरली. तिच्यामागून आठही जणींनी भरली. आमच्या हातांनी.

अध्यक्ष पाहत होते. त्यांनी सासूला विचारलं, "तुम्ही राहता कुठं?" तिनं हनुवटीनं लांबची वस्ती दाखवली. "मग विहीर इथं कशी?"

"मला वाचता येत न्हाई साहेब. ह्या मास्तरनीला इचारा. सून हाय माझी. अर्ज तिनंच लिवलाय."

सगळे माझ्याकडं वळले. मेंबर गोड हसून म्हणाला, "बाई हुशार आहेत. समजून सांगतील." त्यातलं 'समजून' मला बरोबर समजलं. शेजारी माझ्या पोरी पद्य विसरून माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि पलीकडं सासू भरल्या घागरीनिशी उभी होती. मी म्हटलं, "साहेब, आखणी लिंबाजवळ झाली होती. आणि ही धाव मोटेची आहे."

एवढंच. अध्यक्षांनी काठी टेकत धावेच्या टोकापर्यंत जाऊन परत फेरी मारली, वहीत काहीतरी टिपलं आणि जेवायला न थांबता निघून गेले. मेंबरच्या घरचं श्रीखंड तसंच राहिलं.

तीन आठवड्यांनी पोस्टमननं एकदमच दोन लखोटे आणून दिले. पहिला सगळ्या वस्तीपुढं मी मोठ्यानं वाचला. विहीर सार्वजनिक, तिच्यावर मोट लावायची नाही, धाव उखडून तिचे दगड वस्तीकडून विहिरीकडं जाणाऱ्या वाटेला घालावेत. बायका अशा हसल्या की कुत्री भुंकायला लागली. दुसरा मी मनात वाचला आणि घडी घातली.

"त्यात काय हाय?" सासूनं विचारलं. "कागद येत न्हाई वाचाया, तुझं तोंड येतंय."

माझी बदली होती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. सासू बरोबर येणार हे मी धरूनच चालले होते. तिचं या जगात आमच्याशिवाय होतं कोण? रात्रीच भांडी बांधायला काढली, तर तिनं आपली घागर बाजूला घेतली.

"तू जा. पगार पायजे पोटाला. मी हितंच ऱ्हाते."

"एकटी?"

"आपुन दोघी गेलो तर दोन म्हयन्यांत मोट लागंल. रोज कुनीतरी बघाया पायजे."

अकरा वर्षं ती तिथं एकटी राहिली, मरेपर्यंत. रोज सकाळी विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. मला तिकडं दोन लेकरं झाली, ती तिला फक्त मे महिन्यात दिसायची. मी तिच्यावर फार चिडायचे. एकदा तोंडावर बोललेसुद्धा, नातवंडांपेक्षा तुम्हाला विहीर जास्त झाली का?

"नातवंडास्नी तू हायेस," ती म्हणाली. "हिरीला कोन हाय?"

त्या विहिरीवर मोट कधी चढली नाही.