हेमंतने दिलेली दोन नावं

अनुजाचा फोन आला तेव्हा मी सिटी सेंटरहून घरी येणाऱ्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर बसलो होतो. अनुजा म्हणजे माझा मित्र हेमंत रेगे याची मुलगी. लंडनमध्ये क्रॉयडनला असते, एका ऑफिसात नोकरी करते. ती मला सहसा फोन करत नाही, वाढदिवसाला मेसेज करते. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसताच मी समजलो.

"काका, बाबा गेले," ती म्हणाली.

आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कसे?" मुलीला वाटलं असेल, कुणीही विचारतो तसं काकांनी विचारलं. पण माझ्या त्या प्रश्नात पाच वर्षांचा संशय होता. ती म्हणाली, सकाळी दूध आणायला सुपरमार्केटमध्ये गेले होते, तिथेच कोसळले, अँब्युलन्स आली, हॉस्पिटलमध्ये दोन तास होते. "हार्ट होता, काका." मी श्वास सोडला. जिवलग मित्र गेल्याचं कळलं आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर सुटका... या सुटकेची लाज मला अजून वाटते. मग ती म्हणाली, "आणि काका, बाबाचा रायफल कपाटात आहे. चावी हॉस्पिटलच्या बॅगमध्ये मिळाली, त्यांच्या गळ्यात होती. पण मला ते ओपन करायला अलाउड नाही. पोलिसला फोन करायचा ना?"

मी म्हटलं, "हो. आजच कर." 

हेमंतला मी पस्तीस वर्षं ओळखत होतो. मी बँकेत, तो एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. मूळचा कोल्हापूरचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मखराची चौकट वाकडी उभी राहिली म्हणून सगळे एकमेकांना दोष देत होते, तेव्हा हा कोपऱ्यातून उठला, खिशातून छोटी पट्टी काढली, मोजलं, आणि एका पायाखाली दुमडलेला कागद सरकवून परत जागेवर जाऊन बसला. कुणाला काही बोलला नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, ती आमची ओळख. बोलणं कमी, आणि विश्वास त्याहून कमी. दुकानदाराने वजन करून दिलेली भेंडी घरी पुन्हा तोलणारा माणूस. त्याची बायको सुधा हसून म्हणायची, "यांचा देवावर विश्वास आहे, पण देवाचं कॅलिब्रेशन तपासून."

सुधा गेली त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर हेमंतने जे जे केलं ते सगळं मला खटकत गेलं. तीन महिन्यांत त्याने तिचे कपडे चॅरिटी शॉपला दिले. सॉलिसिटरकडे जाऊन मृत्युपत्र केलं. घराची कागदपत्रं, पेन्शनची कागदपत्रं वेगवेगळ्या फायलींत लावून प्रत्येकीवर अनुजाचं नाव लिहिलं. एकदा मला म्हणाला, "आता आवरतं घेतलेलं बरं." आणि त्याच महिन्यात, आमच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता, त्याने मला सांगितलं की त्याला रायफल बनवायची आहे.

"चाळीस वर्षं मी भाग बनवले," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या मशीनचे, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून. पूर्ण वस्तू एकही नाही. एक पूर्ण वस्तू करायची आहे मला." कॉलेजात एनसीसीत तो चांगला नेमबाज होता, हे मी ऐकून होतो. आता त्याने टार्गेट शूटिंगचा एक क्लब शोधला होता, तिथे तो काही महिने उमेदवारी करत होता. पुढची पायरी पोलिसांचा परवाना. या देशात हा परवाना मिळवणं म्हणजे स्वतःला उलटंपालटं करून दाखवणं. डॉक्टर पोलिसांना तुमच्या तब्येतीचं कळवतो, मनाच्यासुद्धा. अधिकारी घरी येतो, भिंतीत बोल्टने पक्कं केलेलं पोलादी कपाट पाहतो, चावी कुठे ठेवणार ते विचारतो. आणि तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. त्यांना पोलीस फोन करतात.

"एक नाव तुझं देतो," हेमंत म्हणाला. "दुसरं डेरेकचं."

डेरेक त्याचा शेजारी, निवृत्त पोस्टमन. दोघांच्या बागांमध्ये एकच लाकडी कुंपण. शनिवारी दुपारी डेरेक आपला मग घेऊन हेमंतच्या गॅरेजमध्ये यायचा. तिथे हेमंतचं लेथ, लोखंड घट्ट पकडायचा व्हाइस, कानशी, सगळं मांडलेलं. दोघं तासन्‌तास काही न बोलता बसू शकायचे. मला कधी कधी त्या डेरेकचा हेवा वाटायचा.

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच चक्र सुरू झालं. विधुर माणूस, एकटा राहतो, आवराआवर झालेली, फायली लावलेल्या... आणि आता रायफल. 'पूर्ण वस्तू' म्हणजे नक्की काय? मी त्याला सरळ विचारायला हवं होतं. दोनदा त्याच्या घरी त्यासाठीच गेलो. पहिल्यांदा त्याने मला अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा दाखवला, रायफलच्या दस्त्यासाठी आणलेला, आणि त्यातली रेघ बोटाने गिरवत राहिला. दुसऱ्यांदा तो सुधाच्या फोटोसमोर बसला होता. दोन्ही वेळा मी न विचारता परत आलो.

मग फोन आला. अधिकारी बाई होत्या, आवाज सौम्य. किती वर्षं ओळखता, रागीट आहेत का, दारू पितात का. मी बरोबर उत्तरं देत गेलो. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्या मनात काही शंका आहे का?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. आणि सांगितलं. बायको गेल्यापासून तो बदललाय, सगळं आवरून ठेवतोय, मला त्याची काळजी वाटते. त्यांनी विचारलं, "म्हणजे स्वतःला काही करून घेतील असं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण माझ्या मनात येतं."

हेमंतचा अर्ज जवळजवळ वर्षभर अडला. डॉक्टरकडून पुन्हा पत्र मागवलं, अधिकारी पुन्हा घरी आल्या, त्याच्याशी दोन तास बोलल्या. हेमंत मला काहीच बोलला नाही. मी त्याच्या प्रत्येक वाक्यात काहीतरी शोधत होतो. तो फोनवर नुसतं "ठीक आहे" म्हणाला तरी मला वाटायचं, कळलंय याला. मग एका शनिवारी मी गेलो तर गॅरेजमध्ये डेरेकची खुर्ची नव्हती.

"डेरेक?" मी विचारलं.

"येत नाही आता," हेमंत म्हणाला, आणि कानस हातात घेतली.

मी काय समजायचं ते समजलो. नावं दोनच. हेमंतने हिशेब मांडला आणि चुकीच्या माणसावर बोट ठेवलं, असं मी धरून चाललो. त्याच वेळी बोलायला हवं होतं. 'डेरेक नव्हे, मी' एवढे तीन शब्द. मी चहा प्यायलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी आलो. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या... शनिवार संपले. माझ्या बायकोलाही मी हे सांगितलं नाही. डेरेक रस्त्यात दिसला तर मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. त्याच्याकडे पाहणं मला जमत नव्हतं.

परवाना शेवटी मिळाला आणि त्या हिवाळ्यात हेमंतने रायफल बनवली. कायद्याच्या बाहेर एक पाऊल नाही. नळी आणि खटका या वस्तू आधी परवान्यावर चढल्या, मगच विकत आणल्या. नळी बसवण्याचं काम त्याने एका परवानाधारक कारागिराच्या दुकानात, त्याच्या नजरेखाली केलं. तो कारागीर मला नंतर म्हणाला, "यांना मी शिकवण्यासारखं काही नव्हतं, मी फक्त हजर होतो." दस्ता मात्र पूर्णपणे गॅरेजमध्ये घडला. रोज थोडं लाकूड काढायचं, खांद्याला लावायचं, परत काढायचं. तेल लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा तेल. मी जायचो, बसायचो, आणि डेरेकची जागा आता माझी झाली आहे हे मला प्रत्येक वेळी जाणवायचं. संशयाला मात्र उतार नव्हता. त्याचा चेहरा शांत असला की मला वाटायचं, जरा जास्तच शांत आहे. त्याने दोन दिवस फोन उचलला नाही तर मी कारमध्ये बसून त्याच्या रस्त्यावरून चक्कर मारायचो, गॅरेजचा दिवा दिसला की वळायचो. समोरच्या घरातली नवी बाई पडद्याआडून माझ्याकडे बघायची. आधीच या घरात बंदूक आहे अशी कुजबुज होती, त्यात हा कोण रोज गाडी हळू करून जाणारा माणूस... तिचं काही चुकत नव्हतं.

रायफल पुरी झाली तेव्हा त्याने मला क्लबच्या पाहुण्यांच्या दिवशी बरोबर नेलं. लांबलचक पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध, थंडी मी म्हणत होती. त्याने दहा गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून पाहिलं तर कागदावर मधोमध एकच भोक होतं, जरा फाटलेल्या कडांचं. आसपासच्या माणसांनी मान हलवली. मग रेंजवरच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन त्याने मला चटईवर आडवं केलं आणि दस्ता माझ्या खांद्यात बसवला. तो माझ्या खांद्याला बरोबर बसत नव्हता. त्याच्या मापाचा होता.

"श्वास अर्धा सोड," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आणि मनात शंका असेल तर घोडा दाबू नकोस."

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो टार्गेटकडे बघत होता. हे वाक्य तिथे सगळ्याच नवशिक्यांना सांगतात, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी मला वाटलं, याला माहीत आहे. मी घोडा दाबला नाही. रायफल खाली ठेवली आणि म्हटलं, हात गारठलेत.

अंत्यसंस्काराला डेरेक मागच्या रांगेत बसला होता, काळा टाय लावून, आणि संपताच निघून गेला. पोलीस येऊन रायफल घेऊन गेले होते. अनुजाने सही केली. आता त्या रायफलसाठी कुणीतरी परवानाधारक गिऱ्हाईक शोधतील, नाहीतर मोडीत काढतील. दोन आठवड्यांनी अनुजाने मला गॅरेज आवरायला बोलावलं. "टूल्स तुम्ही बघा काका, मला नावं पण येत नाही." मी कानशी कापडात गुंडाळत होतो, तेवढ्यात उघड्या दारात डेरेक उभा. आत न येता. त्याने विचारलं, काही उचलायला मदत हवी आहे का.

मी कानस खाली ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. फोन, अधिकारी बाई, मी काय बोललो ते. "त्याने तुझ्यावर संशय घेतला आणि मी गप्प बसलो," मी म्हटलं. "चार वर्षं."

डेरेक दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, "संशय नव्हता. त्याने मला कुंपणाशी उभं राहून सरळ विचारलं, तू सांगितलंस का? मी म्हटलं, हो. मलाही तो फोन आला होता. मीही तेच सांगितलं होतं."

मी स्टुलावर बसलो.

"आणि माझ्याबद्दल?" मी विचारलं. "माझ्याबद्दल विचारलं त्याने?"

"नाही," डेरेक म्हणाला. "म्हणाला, दुसरं नाव माझ्या मित्राचं आहे."

आयुष्यभर भेंडीसुद्धा दोनदा तोलणारा माणूस... माझं वजन त्याने एकदाही केलं नाही. की केलं होतं, आणि बोलला नाही? मला कळणार नाही आता. डेरेक खरं बोलला आणि त्याने मित्र गमावला. मी गप्प राहिलो आणि मला तो शेवटपर्यंत पुरला.

डेरेकने विचारलं, "आपण बरोबर केलं का?"

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी रेंजवरून परत येताना, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना, हेमंत समोर बघत एक वाक्य बोलला होता. मी पुढे विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याला लाकडाचं काम अभिप्रेत होतं की आणखी काही, ते माझ्या मनात अजून फिरतंय. मी डेरेकला त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला.

"तो तुमच्या भाषेत बोलला होता?" डेरेकने विचारलं.

"हो."

"तसंच सांग."

मी सांगितलं. "परवाना उशिरा मिळाला ते बरं झालं. त्या वर्षी माझा हात फार थरथरायचा."

डेरेकला त्यातला एक शब्दही कळला नसणार. त्याने मान हलवली, आत आला, कामाच्या बाकाच्या कडेला टांगलेला ब्रश काढला आणि व्हाइसभोवतीचा लोखंडाचा कीस स्वतःकडे न ओढता पलीकडे, डब्यात झाडायला लागला. हेमंत दररोज काम संपलं की असंच झाडायचा.