हालु, हाळु आणि एक गाठ

माझ्या काकूला कानडी येत नव्हतं, आणि ते येत नाही हे तिला मान्य नव्हतं. लग्न होऊन पुण्याहून धारवाडला आली तेव्हा तिनं जाहीरच केलं, की भाषेत एवढं काय आहे, नीट लक्ष देऊन ऐकलं की झालं! दारावर दूधवाली 'हालु' म्हणून ओरडायची, म्हणजे हालु म्हणजे दूध. सीरी म्हणजे साडी. नोड्रि म्हणजे बघा. एवढ्या भांडवलावर ती शेजारच्या अव्वांशी दुपारभर गप्पा मारायची. अव्वा कानडीत बोलायच्या, काकू मराठीत, आणि दोघींचं कधी वाजलं नाही. मी तेव्हा शाळेत जात होते आणि मला काकू फार आवडायची. इतकी हट्टी आणि इतकी मायेची बाई मी पुढं दुसरी पाहिली नाही.

धारवाडच्या मालमड्डी भागातल्या आमच्या घरात मधल्या खोलीत एक भिंतीतलं कपाट होतं. त्याची किल्ली आईकडे असायची. पण आईची नजर अधू होत चालली होती, कुलूप चाचपडत उघडावं लागायचं, म्हणून तिनं किल्ली काकूच्या कमरेला दिली. काकूला त्याचा भारी अभिमान होता. त्या कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर अक्काची चंद्रकळा होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, आणि ही काळी रेशमी साडी तिनं सासरी पहिल्या संक्रांतीला नेसायची होती.

साडीवर आईनं स्वतः कसूती भरली होती. कसूती म्हणजे आमच्याकडचं भरतकाम. कापडावर आधी काही काढून घ्यायचं नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाके घालत जायचं. गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं, हत्ती, सगळं मोजून. आणि गाठ म्हणून मारायची नाही. दोऱ्याची टोकं टाक्यांतच मुरवायची, म्हणजे पदर उलटा धरला तरी सुलट्यासारखाच दिसतो. आईच्या कसूतीत उलटं कुठलं न् सुलटं कुठलं हे भल्याभल्यांना ओळखता यायचं नाही. तिचे डोळे त्या पदरावरच गेले असं माझे वडील, अप्पा, चिडून म्हणायचे. एवढं मात्र खरं, की तो पदर संपला आणि त्यानंतर आईच्यानं सुईत दोरा ओवला गेला नाही. असा दुसरा पदर आता होणार नव्हता.

त्या श्रावणात पाऊस लागला तो थांबेचना. आमचा पाऊस धो धो कोसळत नाही, जिटिजिटि लागून राहतो, आणि भिंती मुकाट्यानं पाणी पीत बसतात. माकडांनी कौलांवर उड्या मारून एक कौल सरकवलं होतं. पाणी खोलीत टपकलं असतं तर कुणी बादली तरी ठेवली असती. ते भिंतीच्या पोटातून उतरलं, ते थेट कपाटामागं.

गौरीचे डबे काढायला काकूनं कपाट उघडलं आणि कुबट वासाचा भपकारा आला. मागच्या भिंतीवर हिरवट-काळे चट्टे होते. गाठोड्यांना पांढरी लव फुटली होती. काकूनं वरची फळी चाचपली, चंद्रकळा काढली आणि तिची घडी उलगडली. काळ्या रेशमावर राखेसारखी बुरशी पसरली होती, पदरावर तर नख ठेवायला जागा नव्हती.

तेवढ्यात मागच्या दारानं अव्वा आल्या. त्यांनी साडी उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला.

"अय्य! बूजु हिडदैति. सीरी हाळ आतु, नोड्रि!"

बुरशी धरली, साडीचा नास झाला बघा, असं त्या म्हणत होत्या. हालु म्हणजे दूध आणि हाळु म्हणजे वाटोळं. मधे फक्त एका ळ-चं अंतर. काकूनं नेहमीप्रमाणे नीट लक्ष देऊन ऐकलं. सीरी, साडी. हालु, दूध. नोड्रि, बघा. साडीला दूध लावून बघा! निदान मराठीतले 'हाल' धरले असते तरी बाई अर्थाच्या जवळपास पोचली असती. मी परकराला हात पुसत आले तोवर अव्वा उसासे टाकत निघून गेल्या होत्या, आणि काकू घरातलं सगळं दूध परातीत ओतत होती.

"वहिनींना एक अक्षर सांगायचं नाही," तिनं मला बजावलं. "त्यांच्या डोळ्यांचं सोनं आहे यात. मी ते घालवलं असं त्यांना कळता कामा नये."

एवढ्यावर ती थांबली असती तर ती काकू कसली? तिनं काकांना भर पावसात शिडीवर चढवून कौल बसवायला लावलं. बैल गेला अन् झोपा केला, असं काका वरून पुटपुटले, तर तिनं खालून त्यांचीच कौलारू अब्रू काढली. भिंतीचे पोपडे खरवडले, चट्ट्यांवर कळीचा चुना फासला, खोलीत शेगडी पेटवून वर कडुनिंबाचा पाला टाकला. धुरानं आमचे डोळे गळायला लागले. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय चाललंय गं?" काकू म्हणाली, "डास फार झालेत, वहिनी."

दूध अर्थातच नासलं. दुसऱ्या दिवशी खोलीला दहीवाल्याच्या दुकानाचा वास आला आणि गल्लीतली मांजरं दाराशी येऊन बसली. अव्वा डोकावल्या, परात पाहिली, "हालिन्याग सीरी?" दुधात साडी, म्हणून किंचाळल्या आणि भिंतीला टेकून पोट धरधरून हसल्या. काल आपण काय म्हणालो ते अव्वांनी मला सांगितलं, तेव्हा मी काकूला हालु आणि हाळु समजावून सांगितलं. ती लालबुंद झाली. मला वाटलं आता रडेल. पण तिनं परातीत हात घालून पदर वर काढला आणि म्हणाली, "हसायचं नंतर. आधी हे बघा."

आंबलेल्या दुधानं डाग सैल झाले होते. ताकात भिजवून कपड्यावरची बुरशी काढतात हे अव्वांनाही ठाऊक होतं, पण रेशमी साडी दुधात बुडवायची छाती त्यांची झाली नसती. मग दोघींनी ती रिठ्याच्या पाण्यातून हलक्या हातानं काढली. ऊन नव्हतंच, म्हणून बाळाची दुपटी वाळवतात तशी उपड्या टोपलीवर पसरली आणि खाली मंद शेगडी ठेवली. काकू थोड्या थोड्या वेळानं घडी बदलत तिथंच बसून राहिली. जेवायलासुद्धा उठली नाही.

साडी वाचली. काळा रंग थोडा विटला, पण रथ आले, हत्ती आले, वृंदावनं आली. फक्त एका गोपुराच्या कळसाचा दोरा कुजून सुटला होता. तो काकूनं आईच्या जुन्या चोळीवरचे टाके मोजून मोजून भरला, दार लावून, कुणाला न सांगता. तिला पुण्याच्या शाळेत भरतकामाचं बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे विचारायचं कुणाला? कळस हुबेहूब झाला. शेवटी तिनं दोऱ्याला छानपैकी गाठ मारली.

लग्नाच्या आधी अक्काची ट्रंक भरायला काढली. आई म्हणाली, "आण बघू ती चंद्रकळा." काकूनं ती आईच्या मांडीवर ठेवली. आईला आता पदरावरचे रंग धड दिसत नव्हते. तिनं बोटं फिरवायला सुरुवात केली. रथावरून हत्तीवर, हत्तीवरून गोपुरावर. कळसापाशी बोट थांबलं. मागं आलं. पुन्हा तिथंच थांबलं.

काकूला ते सहन झालं नाही. ती रडत रडत सगळं बोलून गेली: किल्ली, कौल, बुरशी, दूध, मांजरं, कळस.

"रडतीस कशाला गं?" आई म्हणाली. "डोळे गेलेत, नाक आहे की अजून. बुरशीचा वास मला श्रावणातच आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर तू रडत बसली असतीस. साडी कुणी वाचवली असती?" तिनं गाठीवरून पुन्हा बोट फिरवलं. "माझ्या कसूतीला आत-बाहेर नाही म्हणून लोक वाखाणतात. पण नेसणारीचा घोटाळा होतोय की. आता अक्काला बरं पडेल, गाठीची बाजू आत घ्यायची."

मग तिनं आपला सुयांचा डबा मागवला आणि काकूच्या हातात दिला. माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "हिचा पदर आता तू भर."

काकूनं तो भरला. मधल्या वर्षांत ती आईच्या शेजारी बसून कसूती शिकली, कानडीही शिकली, दोन्ही, अव्वांना हेवा वाटावा इतकं. माझा पदर पुरा झाला तेव्हा आईला अजिबात दिसत नव्हतं. तिनं तो बोटांनी तपासला, इंच न् इंच, कुठं दोऱ्याचं टोकसुद्धा लागलं नाही. शेवटच्या गोपुराच्या कळसावर बोट अडलं. तिथं एक गाठ होती, छानपैकी मारलेली.

आईनं मान वर केली.

"आत-बाहेर कळायला नको का, वहिनी?" काकू म्हणाली.