दाजींचा चहा

वरून जिवंत दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्यात माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या यजमानांचा, हात धरणारा माणूस साऱ्या बिदर जिल्ह्यात झाला नसेल. चिटगुप्प्याला त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. पिशवी कितीही चकचकीत असो, दाजी तिच्यातलं मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत आणि मोड दिसले तरच माल विकत. ही खोड दुकानापुरती राहिली नाही. टॉर्चचे नवे सेल ते दुकानदारासमोरच जिभेला लावून बघत. मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी गप्पांच्या नादात गावाबाहेरच्या टेकडीवर चढवलं, त्याला दम लागतो का ते पाहायला. मुलगा टिकला, धाप दाजींनाच लागली. आम्ही पोट धरून हसलो होतो.

शेतकरी घरचं बी तपासायला आणत. ते मेलेलं निघालं तर दाजी लगेच सांगत नसत. आधी त्या शेतकऱ्याला बसवत, समोरून जास्त साखरेचा चहा मागवत आणि कप अर्धा झाला की हळूच म्हणत, "न्हाई उगवत, अप्पा. दुसरं बघू." पुढे पुढे त्यांनी चहा मागवला की लोकांचे चेहरेच पडत. एकजण कप बघताच हात जोडून म्हणाला होता, "चहा नको, अण्णा. बी गेलं म्हणा की सरळ."

मग दाजींना झटका आला. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा मोठा भाग हलत नाही. तो मेलाय की नुसता निपचित पडलाय, ते आधी बघावं लागेल. शिरेतून खास साखर सोडायची. जिवंत स्नायू ती साखर खातो आणि चित्रात उजळतो, मेलेला काळाच राहतो. उजळला तर बायपासचा उपयोग, नाहीतर छाती उघडून फक्त धोका. दाजींना हे इतकं आवडलं की शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्यांनी समजावलं, "उगवण बघायलेत माझी."

तपासणीला उपाशीपोटी जायचं होतं. पण महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दही-साखर घातल्याशिवाय अक्काने कुणाला कधी सोडलं नव्हतं. दाजींनीही सवयीने तळहात चाटला. तिथल्या माणसाने आम्हाला परत पाठवलं. अक्काचं रडणं थांबेना, तेव्हा दाजी म्हणाले, "कामून रडायलीस? साखर खातंय का न्हाई तेवढंच तर बघणार होते. मी खाऊन दाखवलो."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. नंतर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. एरवी उभ्या उभ्या बोलणारा तो माणूस 'बसा' म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

दाजींनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टर बोलायला लागले तसा त्यांनी हात वर केला आणि अक्काकडे बोट दाखवलं. "हिचा चहा होऊ द्या, साहेब. सकाळपासनं पोटात काही न्हाई हिच्या. मग सांगा."

अक्काने संसार त्या दुकानाच्या मागच्या खोलीतच केला होता. तिने कप अर्ध्यावर खाली ठेवला आणि म्हणाली, "सांगा."

बायपास झाली नाही. दाजी गोळ्यांवर राहिले आणि पेरण्यांच्या आधी गेले. दुकानाच्या कोपऱ्यातलं गोणपाट तेव्हा वाळून कडक झालेलं होतं.

मी अधूनमधून चिटगुप्प्याला जातो. अक्का दोघांचा चहा करते, इकडचं तिकडचं बोलते. कप अर्धा झाला की मात्र गप्प होते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. मग मी घाईघाईने पाऊसपाण्याचं काहीतरी बोलतो.