होळीपुढे म्हटलेलं गाणं

पंक म्हणजे काय असं कोणी विचारलं, की मी सांगायचे, ‘तालात दिलेली शिवी.’ तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. किहीमच्या अलीकडच्या आमच्या गावात तिघांचा बँड होता. गाणी लिहायची आणि ओरडायची मी, गिटारवर चुलतभाऊ आणि ड्रमवर बालवाडीपासूनचा माझा मित्र. जमिनीच्या दलालांवर, मुंबईकरांच्या बंगल्यांवर, त्यांच्या पोहण्याच्या तलावात जाणाऱ्या आमच्या विहिरीच्या पाण्यावर आम्ही गाणी केली. ऐकणारं कोण, तर आमचीच दहा डोकी.

मित्राच्या वडिलांना, म्हणजे आमच्या काकांना, गाव कांदेवाले म्हणायचं. आमच्याकडे एकाच नावा-आडनावाचे पाच-पाच पुरुष निघतात, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव असतंच. या घराचा पांढरा कांदा नावाजलेला. पुढे काकांनी ते शेत विकलं, तिथे मुंबईच्या एका शेठचा बंगला उभा राहिला आणि काका त्याच बंगल्यावर राखणदार लागले. रोज शेठचा कुत्रा फिरवायचे, जिथे त्यांचे वाफे होते तिथूनच. बघून माझं डोकं फिरायचं. राग शेठचा नाही, काकांचा यायचा. शेठला काय, मी ओळखतसुद्धा नव्हते.

मग मी लिहिलं:

‘विकलंस शेत, उरलं काय?
शेठच्या कुत्र्यामागं पाय!’

मित्राने ते वाचलं आणि काड्या खाली ठेवल्या. म्हणाला, “हे बाबांवर हाय.”

“व्यवस्थेवर आहे,” मी म्हटलं.

“व्यवस्था कुत्रा फिरवत न्हाय गो. बाबा फिरवतात. तेवढी एक ओळ काढ.”

“पंक आहे हे, आरती नाही! ती ओळ काढली तर गाण्यात राहतं काय, डोंबल?”

शेवटी त्यानेच तोड काढली. “मग होळीला म्हण. निदान बाबांना हसण्यावारी नेता येईल.”

आमच्या आळीत होळी पेटली की बोंब मारायची रीत आहे. कोणाच्याही नावाने काहीही ओरडावं. ज्याच्या नावाने बोंब पडेल त्याने रागवायचं नाही, हसत पुढे यायचं आणि होळीत नारळ टाकायचा. दुसऱ्या दिवशी धुळवडीला सगळं विसरायचं. आजवर विसरलेत सगळे. एवढ्या भरवशावर तो बिचारा ड्रम घेऊन होळीपुढे बसला.

मी नाव घेतलं नाही. त्याची गरजच पडली नाही. पहिल्याच कडव्याला अख्खी आळी काकांकडे वळली. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा पोरंटोरं, बायाबापड्या, सगळे माझ्याबरोबर ओरडत होते. मला काय चेव चढला म्हणून सांगू! ज्याने गावातली निम्मी जमीन विकून दिली तो दलाल सगळ्यांत पुढे उभा राहून टाळ्या पिटत होता. त्याच्यावरची माझी चार गाणी कोणाला पाठ नव्हती. हे पाठ झालं. मागे मित्र ताल धरून होता आणि मान वर करत नव्हता.

काका रीतीप्रमाणे पुढे आले. हसले. नारळ टाकला. तो आगीच्या अलीकडेच पडला, आणि लोक त्यावरही हसले. मीसुद्धा हसले.

धुळवडीच्या सकाळी ते आमच्या ओटीवर आले. मला वाटलं, आता शिव्या देणार. मी भांडायच्या तयारीतच होते.

“बाय, कुत्र्याचा पट्टा माज्या हातान असतो,” ते म्हणाले. “तू त्यो माज्या गल्यान बांदलास.”

“काका, ते तुमच्यावर नव्हतं. शेठवर होतं.”

“शेठला तुझी भाषा समजत न्हाय.”

एवढंच बोलून ते कामावर गेले. मित्र त्यानंतर तालमीला आला नाही, रस्त्यात दिसला तरी बाजूने निघून जायचा. मी काय केलं? ते गाणं घेऊन मुंबईला गेले. तिथल्या एका बारमध्ये लोक याच ओळीवर सगळ्यात जास्त ओरडतात. एकाने मला मिठी मारून सांगितलं, “किती खरं लिहितेस!” मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

होळीतली शिवी दुसऱ्या दिवशी विसरतात, कारण ती नुसतीच ओरडलेली असते. मी तिला चाल लावली होती. वर्षभर पोरं काकांच्या मागून ती ओळ म्हणत चालायची. मग गाणं कंटाळवाणं झालं असावं, कारण उरला एकच शब्द. तो काही कोणी दुष्टपणाने वापरत नसे. पत्ता सांगताना, पोस्टमनला, दुकानदाराला, सहज.

गेल्या पावसाळ्यानंतर काका वारले. मी एसटीतून उतरले तर नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. फोटोत काका हसत होते. खाली नाव, आडनाव, आणि कोण गेलं ते लोकांना कळावं म्हणून कंसात ठळक अक्षरांत टोपणनाव: कुत्रेवाले. शोकाकुल म्हणून त्याखाली पहिलं नाव माझ्या मित्राचं होतं, आणि त्याच्याही पुढे कंसात तोच शब्द.